बंद करून राहिलो

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. साहेबांचा फोन वाजला तरी छातीत धडधडतं, आणि ज्या मेलच्या विषयात ‘अंतिम मंजुरी’ असे दोन शब्द असतात तो उघडायच्या आधी मी पाणी पिते. नोकरी मात्र नेमकी अशाच मेलांची. तांदळाच्या गिरण्या चालवणाऱ्या एका कंपनीच्या भंडाऱ्यातल्या ऑफिसात मी कामगारांच्या प्रशिक्षणाचं बघते. पूर्वी खुर्च्या मांडून वर्ग व्हायचे. आता टॅबवर धडे असतात. चित्रं हलतात, आवाज येतो, शेवटी प्रश्न. ज्याला वाचता येत नाही त्याला टॅब सगळं वाचून दाखवतो. हे धडे पुण्याची एक एजन्सी बनवते, मी तपासते आणि मंजूर करते. म्हणजे चुकलं तर माझं.

तो धडा एलिव्हेटरचा होता. एलिव्हेटर म्हणजे इमारतीतली लिफ्ट नव्हे. आमच्याकडे ती पट्ट्यावर लावलेल्या लोखंडी बादल्यांची उभी रांग असते, खड्ड्यातलं धान उचलून वर नेणारी. कधी सुतळी, कधी पोत्याचा तुकडा तळाशी अडकतो आणि धान तुंबतं. मग कोणीतरी खड्ड्यात उतरून, झाकण काढून, हातानं ते मोकळं करतं. पट्टा पूर्ण थांबल्याशिवाय हात घालायचा नाही, एवढंच त्या धड्यात शिकवायचं होतं.

पहिला मसुदा आला आणि माझं डोकंच फिरलं. धानाच्या जागी गव्हाच्या ओंब्या काढलेल्या, आणि कामगार बातम्या वाचल्यासारखे बोलत होते. “यंत्र बंद करण्यात आले आहे.” अरे बापा, आमच्या तुमसरच्या गिरणीत असं कोण बोलतं? लोक हसून लोटपोट होतील. मी एजन्सीच्या लेखकाला फोनवर चांगलं झापलं आणि म्हटलं, इथं या, दोन दिवस गिरणीत उभे राहा, कान उघडे ठेवा. बिचारा आला खरा. कोंड्याच्या धुळीत शिंकत उभा राहिला आणि वहीत टिपून घेत होता.

दुसऱ्या मसुद्यात माणसं आमची बोली बोलत होती. “काहून थांबला?” “मले सुतळी दिसून राहिली.” आणि मशीन चालवणारा ओरडून सांगतो, “बंद करून राहिलो, भाऊ!” मी खुश झाले. मी इथल्याच एकोडी गावची. पुण्यात शिकायला गेले तेव्हा ‘जाऊन राहिली’ म्हटलं की होस्टेलच्या मुली फिदीफिदी हसायच्या. वर्षभरात मी ते जिभेवरून खरवडून काढलं होतं. आता तेच शब्द पुण्याच्या लोकांनी लिहून पाठवले होते. मी ते वाचले नाहीत, नुसते कौतुकानं पाहिले. हेल्मेटच्या पिवळ्या रंगावरून मात्र मी तीन मेल लिहून भांडले. साहेब रोज विचारत होते, झालं का, झालं का. शेवटी घाबरून मी मंजुरीचं बटण दाबलं.

धड्याच्या शेवटी एक प्रश्न होता. ऑपरेटर म्हणाला, ‘बंद करून राहिलो.’ आता तुम्ही काय कराल? एक, थांबेन. दोन, हात घालून अडकलेलं काढेन. बरोबर उत्तर एजन्सीनं दुसरं ठेवलं होतं.

तुमसरच्या गिरणीत मी स्वतः टॅब घेऊन बसले. बाकीच्यांनी एकदा चूक म्हणून लाल आलं की दुसरं बटण दाबून हिरवं करून घेतलं आणि कामाला पळाले. एक काका मात्र अडले. आयुष्य त्या खड्ड्यात गेलेला माणूस. तीनदा विचारलं, तीनदा त्यांनी ‘थांबेन’ दाबलं, तिन्ही वेळा नापास. दुपारपर्यंत मला सगळी यादी हिरवी करून साहेबांना पाठवायची होती.

“पण मॅडम, तो बंद करूनच राहिला नं अजून,” ते म्हणाले.

“हो ना, केली ना त्यानं बंद? मग थांबायचं कशाला? काका, धड्यात दाखवलं तसंच करायचं. आपलं डोकं नाही चालवायचं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसरं उत्तर दाबलं. हिरवं आलं. मी टाळ्या वाजवल्या हो!

त्यानंतर चार-सहा दिवसांनी, सकाळची गोष्ट. मी ऑफिसला निघायच्या गडबडीत, आई मागच्या अंगणात भांडी घासत होती, गॅसवर दूध. मी आतल्या खोलीतून ओरडले, “आई, गॅस बंद केला का?”

“बंद करून राहिली नं वो!”

मी निवांत वेणी घालायला लागले आणि फस्सकन दूध उतू गेल्याचा आवाज आला. धावत गेले. आई ओले हात पुसत नुकती दारात पोचली होती. मी तिच्यावर खेकसले, “अगं, बंद केला म्हणालीस ना?”

“केला कुठं म्हटलं? करून राहिली म्हटलं. तुले मराठी समजत नाई का आता?”

‘करून राहिलो’ म्हणजे करतो आहे. अजून झालेलं नाही. आमच्याकडे शेंबडं पोरही हे जाणतं. पुण्याच्या लेखकानं त्याचा अर्थ ‘बंद करून थांबलोय’ असा लावला, आणि एकोडीच्या मी त्यावर मंजुरी दिली. गिरणीतला ऑपरेटर बटणाकडे चालत असतानाच ओरडतो, बंद करून राहिलो! आणि त्याच क्षणी हात घाला, असं मी अख्ख्या पाळीला शिकवून आले होते.

गिरणीत फोन लावला. कोणी उचलेना. पुन्हा लावला. सुपरवायझरचाही नुसता वाजत राहिला. एजन्सीला सांगितलं, धडा आत्ताच्या आत्ता काढून टाका, आणि स्कूटी काढून तुमसरचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, होती, पण मला डोळ्यांसमोर फक्त त्या लोखंडी बादल्या दिसत होत्या. देवा, आज काही तुंबू देऊ नको, एवढंच तोंडात. खरं सांगते, त्या भीतीत माझ्या नोकरीची भीतीही मिसळलेली होती. मंजुरीच्या मेलखाली माझं नाव आहे, हे मला वाटेत दोनदा आठवलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

फाटकाशी पोचले. गिरणी गप्प होती. ऐन सीझनमध्ये ती कधीच गप्प नसते.

खड्ड्याजवळ माणसांचं कोंडाळं होतं. मी लोकांना ढकलत आत घुसले. काका पोत्यावर बसले होते, उजवा हात पाण्याच्या बादलीत. हाताला गुंडाळलेला खांद्यावरचा दुपट्टा पट्ट्यानं ओढून नेला होता, त्याच्या चिंध्या वर लोंबत होत्या. मी बादलीत वाकून बोटं मोजली. पाच होती. दोन बोटांची साल निघालेली, पण पाच होती. मी तिथंच रडायला लागले.

मला बघून काका धडपडत उठले. “मॅडम, तुमी सांगतलं तसंच केलं जी. त्यानं बंद करून राहिलो म्हटलं, मी हात घातला. माझ्याच समजण्यात काही गलती झाली असन.”

सुपरवायझर माझ्याकडे बघत होता. गप्प बसले असते तर गलती काकांचीच ठरली असती. मला बोलायची भीती वाटत होती.

“काका, गलती तुमची नाही,” मी म्हटलं. “तुमचं पहिलं उत्तरच बरोबर होतं. धडा चुकीचा आहे. मी मंजूर केला होता.”

“मंग मले तीन खेपा नापास काहून केलं?”

“मी नीट वाचलं नव्हतं, काका.”

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ओला हात पुन्हा बादलीत घातला.

“आमाले वाचता येत नाई,” ते म्हणाले, “म्हून तं तुमचं आयकलं जी.”