पालथं पान

पालीच्या मठातले काळी वस्त्रं घालणारे बाबा मला रोज ओसरीवर पोथीची नक्कल उतरवून घेताना दिसत. त्यांच्या पंथाची रीत अशी, की एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर लिहायचं, म्हणजे परक्याला वाचता येऊ नये. मी जवळ गेलो की ते पान पालथं घालत आणि म्हणत, "दंडवत, मास्तर. आज ऊन लई हाय."

हाताला त्या लिपीचं असं वळण पडलं होतं, की एकदा नेकनूरला धाडायच्या कार्डावर त्यांनी पत्तासुद्धा त्याच लिपीत घातला. टपालवाल्यानं ते परत मठात आणून दिलं. असं लिहिणारं गावात दुसरं होतं कोण?

एकदा बीडहून परतताना मी त्यांना बातमी दिली, "बाबा, पुण्याकडं कुणी तरी तुमच्या लिपीची किल्ली छापलीय. आता कुणालाही वाचता येईल."

बोरू थांबला. मला वाटलं, म्हातारा आता संतापणार.

"मग वाचलं का कुनी?"

"ते काही ठाऊक नाही."

"तुमी वाचलं?"

मी नकारार्थी मान हलवली.

बाबांनी बोरू शाईत बुडवला आणि पुढची ओळ लिहायला घेतली. मी अगदी शेजारी उभा होतो. त्यांनी पान पालथं घातलं नाही.