डावीकडे, जरा मागं

माझा नातू ऑस्ट्रेलियात ज्या खेळाच्या नादी लागलाय, तो मी पहिल्यांदा मोबाइलवर पाहिला तेव्हा सुनेला विचारलं, हा चेंडू आहे की पपई? लांबट, दोन्हीकडून निमुळता. पोरं बिनबाह्यांच्या गंजीफ्राकवर खेळतात, हातानं मारतात, पायानं मारतात, एकमेकांच्या अंगावर पडतात, आणि त्याला फुटबॉलच म्हणतात. सून म्हणाली, आई, तुम्ही फक्त आपला पोरगा बघा. ते सोपं आहे. सगळ्यांत उंच तोच.

उंचीमुळंच त्याला ते काम मिळालं. पंच चेंडू वर उडवतो, दोन्ही संघांचा एकेक उंच गडी उडी मारतो आणि हातानं चेंडू आपल्या पोरांकडे ढकलतो. त्याला रकमॅन म्हणतात. खाली मधल्या फळीची चपळ पोरं टपून असतात, ती चेंडू घेऊन पळतात. मला समजलेला खेळ एवढाच, पण तेवढा पुरतो.

नातवाला मी आबा म्हणते. त्याचं नाव आमच्या ह्यांचंच ठेवलंय, आणि ते नाव लग्न झाल्यापासून मी तोंडातून काढलेलं नाही. हे गेले, मग तो जन्मला. आजोबांना त्यानं भिंतीवरच्या फोटोतच पाहिलेलं, तेही टोपी घालून खुर्चीत बसलेले.

तिकडे गेल्यावर पोरगा गप्प झाला होता. फोन लावला की जेवलो म्हणायचा आणि छताकडे बघत बसायचा. माझ्या जिवाला घोर लागलेला. मग कुणीतरी उंची बघून त्याला त्या क्लबात नेलं, आणि आमचं पोरगं पुन्हा बोलायला लागलं. कुणाच्या आईनं मटण केलं, कुणी नवी गाडी ठोकली, सगळं सांगायचं. म्हणून सांगते, तो संघ आमच्यासाठी नुसता खेळ नव्हता.

यंदा मात्र त्याचं बिनसलं. उडी चांगली, हातही चेंडूला लागायचा, पण चेंडू पडायचा डावीकडे, जरा मागं. तिथं त्याचं कुणीच नसायचं. मधली पोरं पुढं उभी, चेंडू मागं. समोरचे उचलून पळायचे. मधली पोरं म्हणायची हा देत नाही, हा म्हणायचा ती येत नाहीत. प्रशिक्षकानं सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं. मी विचारलं, आबा, तिकडेच का रे टाकतोस? तो म्हणाला, "आजी, मी टाकत नाही. हात जातो."

आता हे ऐकून मला काय झालं ते कसं सांगू. पाचोऱ्याकडच्या आमच्या गावात शाळेमागं व्हॉलीबॉलचं मैदान होतं. आमचे हे जाळीपाशी उडायचे, डावा हात वर, आणि चेंडू न बघता डावीकडे मागं सोडायचे. तिथं त्यांचा धाकटा भाऊ उभा असायचा, माझे दीर. ह्यांनी कधी मागं वळून पाहिलं नाही की भाऊ आहे का. तो असायचाच. संध्याकाळी दीर घरी यायचे ते मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक हात घेऊन, आणि मी त्यांना खोबरेल काढून द्यायची.

नातवाचा यंदाचा पहिला खेळ मोबाइलवर आला तेव्हा दीर शेजारीच होते. त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. ती उडी दोघांच्याही ओळखीची होती. त्या दिवसापासून दर शनिवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या दुपारी, मी केस नीट विंचरून मोबाइलपुढं बसायची. सुनेला वाटायचं नातवासाठी.

मग आखाजी आली, तीही शनिवारीच. आदल्या रात्री आबाचा फोन आला होता. प्रशिक्षकानं सांगितलेलं, उद्या शेवटची संधी, नाहीतर खालच्या संघात जा. खालचा संघ दुसऱ्या गावी खेळतो, दुसरीच पोरं. त्याचा आवाज पुन्हा तसाच झाला होता, छताकडे बघणारा.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे पितरांचा सण. घागर भरली, वर खरबूज ठेवलं, पुरणपोळी, आमरस, कुरडया, सगळं झालं. बाहेर निंबाच्या झोक्यावर पोरी गाणी म्हणत होत्या. आता आगारी टाकायची, म्हणजे निखाऱ्यावर तूप आणि पोळीचा घास टाकून गेलेल्यांना नावानं जेवायला हाक मारायची. हे काम दीरांचं. सुनेनं मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता, खेळ सुरू झालेला.

दीरांनी तुपाची पळी उचलली, तोंड उघडलं, आणि नेमका तेव्हाच डब्यापाशी आबा उडाला. डावा हात वर. दीरांची पळी तशीच राहिली.

"वहिनी, आते नको," ते म्हणाले. "दोन्हीस्नं नाव एकच शे. हाक कोनले जाई?"

हाक नक्की कुणाला जाईल, हे दरवर्षी तेच नाव घेताना कधी मनात आलं नव्हतं. पण समोर पोरगं हवेत असताना ते नाव आगीत टाकवेना. सून म्हणाली, नाना, नैवेद्य गार होतोय. दीर म्हणाले, दादाले सवय शे, शेतातून यायला रोजच उशीर करे. आम्ही हसलो, पण कुणी हललं नाही. पितर ताटकळत राहिले आणि आम्ही खेळ बघत राहिलो.

चेंडू पडतच होता, डावीकडे, मागं, मोकळ्या गवतावर. समोरचे नेत होते. मग एका उडीत दुसऱ्याचा गुडघा आबाच्या बरगडीत बसला आणि तो खाली पडला. उठेना. माणसं धावत आली. सुनेनं तोंडावर पदर धरला.

दीर घागरीकडे वळले. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं, हळूच बोलले.

"दादा, मी तठे नही. मी आठे शे, घरमा. पोऱ्याले सोड आते."

तिथं डावीकडे मागं मी नाही, इथं घरात आहे, पोराला सोड आता, असं ते ह्यांना सांगत होते. मला नको म्हणावंसं वाटलं.

आबा उठला. बरगडीला हात लावून पुन्हा मधे गेला. पंचानं चेंडू उडवला, आबानं उडी मारली, आणि या वेळी उजवा हात वर गेला. चेंडू सरळ पुढं, एका बुटक्या पोराच्या छातीवर. तो पळाला. पुढची उडी तशीच, त्यापुढचीही. हरले ते अखेर, पण थोडक्यात हरले.

खेळ संपल्यावर दीरांनी आगारी टाकली. नाव घेतलं, मी नेहमीसारखी जमिनीकडे बघत राहिले. तूप चरचरलं.

दुपारी आबाचा फोन आला. बरगडी दुखतेय, पण पुढच्या शनिवारीही तोच रकमॅन. मधली पोरं त्याला जेवायला घेऊन चालली होती, मागं त्यांचा गलका ऐकू येत होता. जाता जाता म्हणाला, "आजी, एक गंमत सांगू? इतके दिवस वाटायचं मागं कुणीतरी आहे. आज एकदम मोकळं वाटलं."

मी म्हटलं, बरं झालं, बाबा. जेव पोटभर.

फोन ठेवून वळले तर दीर ओट्यावर बाह्या सारून बसलेले. मनगटापासून कोपरापर्यंत हात लाल. सून म्हणाली, निखाऱ्याची धग लागली असेल. मी आत गेले आणि खोबरेलाची वाटी आणून त्यांच्यापुढं ठेवली.

शनिवारी मी अजून बसते मोबाइलपुढं. आबा छान खेळतो. पण आता तो फक्त आबाच दिसतो.