बुढ्यानं बोट बांधली

माझ्या बुढ्याले पोहता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागून कोणी म्हणू नये की बाईनं नवऱ्याचं झाकून ठेवलं. साठी उलटल्यावर या माणसानं तलावावर लोकायले बोटीत फिरवायचा धंदा मांडला, डोक्यावर कॅप्टनसारखी पांढरी टोपी चढवली, अन् पाणी टोंगळ्याच्या, म्हणजे गुडघ्याच्या, वर आलं की तोंड असं करते, जसं कोणी थंडीत अंगावर बालटी ओतली. देवराव त्याचं नाव. तलावावर सारे त्याले कॅप्टन म्हणतात, मी बुढाच म्हणते.

आम्ही गोळीबार चौकाजवळचे, पिढीजात विणकर. बुढ्याच्या बापाचा जन्म मागावर गेला, याचाही अर्धा गेला. मग हातमाग बंद पडले, हा बुटीबोरीले एका कापडाच्या कंपनीत लागला, तिथून रिटायर होऊन घरी बसला. नवरा दिवसभर घरी बसला म्हणजे काय होते, ते बायकायले विचारा. पहिले त्यानं खाट उसवली अन् नव्यानं विणली. इतकी ताणून विणली की तिच्यावर झोपण्यापेक्षा फरशी बरी. मग कपडे वाळवायची दोरी ताणली. मी ओली चादर टाकली तर भिंतीतला खिळाच बाहेर आला. चुकी कोणाची, तर खिळ्याची. मागावर ताणा, म्हणजे उभा धागा, सैल पडला तर लुगडं बिघडते, हे त्याच्या हातात मुरलेलं. पण खाट काही लुगडं नोहे, असं मी म्हटलं तर मले म्हणे, "तुले काय समजते वं? तू कातरणवाली."

कातरणवाली म्हणजे असं की मी गांधीबागेच्या कापडबाजारातून लुगड्यायचे गठ्ठे घरी आणते, काठाले अन् पदराले लोंबलेले धागे कापते, घड्या घालून परत नेऊन देते. कंबरेच्या पिशवीत माझी छोटी कातर कायम राहते, स्वयंपाक करतानाही. विणणाऱ्याच्या घरात कापणारीले काही मान नाही. विणकर धागा जोडते, तोडत नाही, असं बुढा चारचौघात मान ताठ करून सांगे. अन् त्याची ती गाठ! मागावर तुटलेला धागा जोडायची, एवढीशी, एकदा बसली की सुटायचं नाव नाही. शेजारच्या गाईचं दावं असो की माझी दळणाची थैली, हा तीच गाठ मारे. दळणाची थैली मी गिरणीवर कातरीनं फाडली आहे.

तर बोट. उमरेड रोडनं पुढं गेलं की आतल्या बाजूले पिंपळदरीचा तलाव लागते. तिथं रविवारी शहरातले लोक येतात. बुढ्यानं कोणाची तरी जुनी फायबरची मोटरबोट आणली, त्यात माझ्या पाटल्या गेल्या, अन् नातीच्या नावावरून तिचं नाव ठेवलं 'दामिनी'. माझं नाव त्यानं कशाले दिलं नाही, अजून एका कपाले पण नाही. पण खोटं कशाले बोलू, घर आता त्या बोटीवरच चालते. ती बुडाली तर आम्ही दोघंही तिच्यासंग बुडालो, हे मले माहीत होतं. म्हणूनच मी इतकी कडकड करत होती.

औंदा मे महिन्यात बंगालच्या उपसागरात वादळ उठलं. टीव्हीवाले म्हणून राहिले होते की किनारा पार केल्यावर त्याचं शेपूट विदर्भात येईन, सोसाट्याचा वारा सुटीन. आम्ही त्याले वावधन म्हणतो, टीनपत्रे उडवून नेते. बाकीचे लोक छपरावर दगड ठेवून मोकळे झाले. बुढ्यानं मोबाईलवर कोकणातल्या एका बोटवाल्याचा व्हिडिओ शोधून काढला. वादळाच्या आधी बोट कशी सांभाळायची, असा. तो व्हिडिओ त्यानं इतक्यांदा लावला की मले त्या कोकण्याचा खोकलासुद्धा पाठ झाला.

मग तयारी सुरू झाली. समुद्रावर जे जे लागते ते ते सारं आमच्या त्या तलावाले लागलं. काड्यापेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळली. शिट्टी आणली. बिस्किटं आणली, ती वादळाच्या आधीच खाल्ली. मोटर खोलून स्कूटरवर घरी आणली अन् दिवाणावर ठेवली. पाहुणे आले असते तर मोटर बसली असती अन् पाहुणे उभे राहिले असते. कोकण्या म्हणे, बोटीच्या बाजूले टायर लटकवा, म्हणजे घाटावर आपटणार नाही. टायर मिळाले नाहीत. मग या भैताडानं प्रवाशायची सारी लाईफ जॅकेटं बोटीच्या बाहेरून बांधली, त्याच त्या गाठी मारून. कोकण्या म्हणे, जड नांगर ठेवा. बुढ्यानं माझा पाटा उचलला. चटणी वाटायचा पाटा, माझ्या मायनं दिलेला. वरवंटा मात्र घरी ठेवला, म्हणे, "तो गोल आहे, कामाचा नाही."

अन् जी एक गोष्ट कामाची होती, तीच नेमकी यानं सोडली. कोकण्या खोकून खोकून सांगत होता, "दोर सैल ठेवा. बोटीला उठायला-बसायला जागा द्या. आवळून बांधली तर गेलीच समजा."

मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं, "काहून जी, तो माणूस सैल म्हणून राहिला ना?"

"तो समुद्रवाला आहे. त्याच्याकडं भरती-ओहोटी असते. आपल्या तलावात कुठची आली भरती?"

"मग बिस्किटं कशाले आणली? तीही समुद्रवाल्यायचीच ना?"

"सैल बांधते तो आळशी," म्हणे, अन् वाद संपला. आमच्या घरी वाद असाच संपते.

घाटावर दोन लोखंडी कडे आहेत. एकाले बोटीचं नाक बांधलं, दुसऱ्याले मागची बाजू, दोन्ही दोर असे खेचून की बोट पाण्यावर नाही, दोरावरच उभी आहे. घाटावर उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या सिंधूताईले त्यानं दोर बोटानं वाजवून दाखवला. "पाहा, वाजते," म्हणे. सिंधूताई बिचारी हसली, दुसरं काय करीन.

वादळाच्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेला. दुपारी आभाळ काळं झालं, तरी बुढा स्कूटर काढून निघाला, दोर पाहायचा म्हणे. मी मागं बसली. मले दोराचं काही नव्हतं, मले माझा पाटा पाहिजे होता.

नायलॉनचा दोर ओला झाला की थोडा ढिला पडते. घाटावर गेलो तर दोर जरासा झुकलेला, अन् बोट त्याच्या आधारानं निवांत डुलत होती. मले तर बरं वाटलं. बुढ्याचा जीव मात्र वर-खाली व्हायले लागला. "सैल पडला वं," म्हणे, अन् उतरला बोटीत. मी म्हटलं राहू द्या. सिंधूताई म्हणे राहू द्या. यानं ऐकलं तर तो देवराव कसला? बोटीत उभा राहून, पाय टेकवून, पहिले नाकाकडचा अन् मग मागचा, दोन्ही दोर पुन्हा खेचले अन् जुन्या गाठीवर आणखी एकेक गाठ मारली. "आता वाजते," म्हणे.

तेवढ्यात वारा आला. तलावाच्या पार त्या टोकाकडून, सरळ बोटीच्या नाकावर. आधी धूळ आली, मग सिंधूताईच्या दुकानाची ताडपत्री उडाली, मग पाणीच उठलं. आपल्या तलावात लाटा येतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. लाट आली की बोट नाक वर करायले पाहे, अन् दोर तिले खाली दाबून ठेवे. मग लाट नाकावरून सरळ आत. बुढा मधात बसला, दोन्ही हातानं काठ धरून. उडी मारून घाटावर यावं तर टोंगळे साथ देत नाहीत, अन् बोट घाटापासून सरके अन् पुन्हा येऊन आपटे. मधातलं पाणी खोल. जॅकेटं सारी बोटीच्या बाहेर लटकलेली, आतल्या माणसाच्या अंगावर एकही नाही.

"गाठ सोडा जी," मी ओरडली.

तो रांगत नाकाकडं गेला. बोटं लावली. त्याचीच गाठ होती, ती कुठची सुटते? दुसरी लाट आली अन् तो आतल्या पाण्यात पालथा झाला. वर आला तेव्हा टोपी नव्हती. एवढा घाबरलेला मी त्याले कधी पाहिला नव्हता.

मी घाटावर पोटावर झोपली अन् कंबरेची कातर काढली.

"कापू नको वं," तो म्हणे. "कापशीन तर बोटीसंग मीही जाईन ना."

खरंच होतं ते. कापला तर हा पोहता न येणारा माणूस मधात वाहून जाणार, अन् मी त्याले धरू शकणार नाही. नाही कापला तर माझ्या डोळ्यासमोर, हातभर अंतरावर बुडणार. मी देवाचं नाव घेतलं नाही, त्या खोकणाऱ्या कोकण्याचं वाक्य आठवलं अन् कातर चालवली. ताणलेला दोर कापायले जोर लागत नाही. थोडे पीळ मी कापले, बाकीचे आपोआप तुटले. बोटीचं नाक असं वर आलं, जशी पाण्यातून म्हैस मान काढते. पुढची लाट तिच्या खालून गेली.

पण मागचा दोर अजून ताणलेला होता, अन् आत आलेलं सारं पाणी मागं धावलं. मागची बाजू खाली बसायले लागली. तिथंच माझा पाटा पडलेला.

"पाटा फेका आधी," मी म्हटलं. अन् माझ्या मायचा पाटा माझ्या नवऱ्यानं माझ्यासमोर तलावात टाकला.

मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. ओरडला नाही. "मागचाही काप, पुष्पे," म्हणे. सारा संसार झाला, या माणसाच्या तोंडून काप हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मी कापला. बोट गरकन फिरली अन् वाऱ्यासंग निघाली, बुढ्याले घेऊन. मी काठाकाठानं पळत होती, चपला कुठं राहिल्या माहीत नाही. मागून सिंधूताई येत होती. पावसात बोट दिसे अन् लपे. प्रत्येक वेळी दिसली की पहिले मी त्याचं डोकं पाहे, आहे की नाही. तलावाच्या खालच्या कोपऱ्यात बेशरमाची झाडी माजलेली आहे, गाव दरवर्षी तोडते अन् ती दरवर्षी येते. त्या झाडीत बोट घुसली अन् तिथंच अडकली.

मी पोहोचली तेव्हा बुढा दोन्ही हातात बेशरमाच्या फांद्या धरून बसला होता. पहिलं काय बोलला असेल? "दोर वाया गेला वं."

मले जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या मी दिल्या. भैताड म्हटलं, बह्याड म्हटलं, त्याच्या बापाच्या मागापर्यंत गेली. शिव्या सरल्या अन् मी चिखलात बसून रडली. रडू काही आवरेच ना. सिंधूताईनं पाठीवर हात ठेवला. मग बुढा हळूच बोटीतून खाली उतरला अन् झाडी धरत धरत माझ्याकडं यायले लागला. पाणी त्याच्या टोंगळ्याच्या वर होतं. तोंड काही त्यानं तसं केलं नाही.

आता बोट पुन्हा चालू आहे. जॅकेटं माणसायच्या अंगावर असतात, टायर बोटीले आहेत, नवी टोपीही आली. प्रवाशायले बुढा सांगते, "वादळात कॅप्टननं योग्य वेळ पाहून बोट मोकळी सोडायची असते." मी ऐकून घेते. बोलायचं ते माणूस बोलतेच. पण सांजच्याले बोट बांधायची वेळ आली की मले हाक मारते. दोर कड्यातून घेते अन् विचारते, "पाह्य वं, पुरे का सैल?" मी म्हणते, "अजून सोडा." तो अजून थोडा सोडते. सोडताना त्याचा हात कसनुसा होते, ते मले दिसते.

घाटावरच्या कड्याले कापलेल्या दोराचा तुकडा अजून तसाच आहे. गाठ त्याचीच, ती कोणाच्यानं सुटली नाही. मागच्या रविवारी एका प्रवासी बाईनं विचारलं, "काका, हा दोर कोणी कापला?" मी शेंगाच्या दुकानापाशी बसली होती. मले वाटलं, आता कॅप्टनची गोष्ट सुरू होईन. बुढ्यानं टोपी काढली अन् माझ्याकडं बोट दाखवलं.

"ते पाहा, तिकडं बसली," म्हणे. "आमची कातरणवाली."

पाटा मात्र अजून तलावातच आहे.