केळ्याचे गुलगुले आणि दारापुढच्या गाड्या

नातीबाई, नीट ऐक, आणि फोनवर नुसतं "येते, येते" म्हणणं सोड. काल रविवारी तुझी वाट बघत मी काळी पडलेली केळी कुस्करली, त्यात गूळ आणि कणीक कालवली. पहिला गुलगुला चुलीतल्या विस्तवाला द्यायचा आणि तळण होईस्तोवर उठायचं न्हाई, ही आपली रीत. पण आपल्या भाजे गावची लेणी बघायला आलेली गाडी दारापुढं थांबली की वाटायचं, तूच आलीस. चारदा उठले, चारदा घाणा करपला. तुझे आजोबा म्हणाले, "त्या गाडीवाल्यांनाच वाढ आता, आलेत तर तेच." मला हसू आलं न्हाई. चांगले निघाले तेवढे डब्यात ठेवलेत, पण केळ्याचं लय टिकत न्हाई. उद्या ये गं.