सरळ घरी

माझी आत्या ऑफिसातून निघाली की सरळ घरी यायची. सरळ म्हणजे अगदी सरळ! वाटेत बेकरी लागो, ओळखीचं माणूस भेटो, नाहीतर सेल लागलेला असो, बाईसाहेबांची मान वळायची नाही. जर्मनीत झिंडेलफिंगेनला नोकरी लागल्यावर पहिलं वर्ष मी तिच्याकडेच राहिले. एकदा सुट्टीच्या दिवशी मी तिला घ्यायला स्टेशनवर गेले आणि म्हटलं, "आत्या, चल, कॉफी पिऊ." तर म्हणाली, "अगं, कामावरून घरी जायची वाट विम्यात असते. वाट सोडली की विमा संपला. मधेच पाय मोडला तर तुझी कॉफी भरून देणार आहे का?"

हे खूळ ऑफिसातलं. स्टुटगार्टला एका अपघात विमा संस्थेत ती अर्धा दिवस नोंदी सांभाळायची. कामावर कुणाला इजा झाली तर खर्च त्या संस्थेने करायचा. म्हणून कुठली कंपनी कधी सुरू झाली, कधी बंद पडली, तिथलं काम किती धोक्याचं, मालकाने स्वतःचा विमा उतरवलाय का, हे सगळं आत्याच्या कॉम्प्युटरमध्ये. छपरं घालणारे सगळ्यात वर, ऑफिसात बसणारे तळाला. माणूस भेटला की तिला आधी त्याचा धोका दिसायचा. मराठी मंडळाच्या गणपतीत एक इंजिनिअर डगमगत्या स्टुलावर चढून तोरण बांधत होते, तर ही खालून ओरडली, "अहो जोशी, कुणाच्या विम्यावर पडणार आहात?" सगळे हसले. जोशी मुकाट्याने खाली उतरले.

"आणि तुझा धोका किती गं?" मी विचारलं.

"माझा? सगळ्यात कमी. बसल्या जागी मला काय होणार?" ती हसली, पण ते हसू मला मुळीच आवडलं नाही.

घरी तिची वाट बघत बसलेल्या असायच्या सासूबाई. त्यांना सगळे ओमा, म्हणजे आजी, म्हणत. खुर्चीतून उठवणं, बाथरूममध्ये नेणं, रात्री कूस बदलून देणं, सगळं आत्याच्याच हातून हवं. आत्याचे यजमान वेर्नरकाका घरीच असत, पण त्यांची पाठ कायम धरलेली. घरी येणारी नर्स मिळत होती, जर्मनीत ती सोय आहे. पण ओमा म्हणायच्या, "घरात सून असताना परकी बाई कशाला?" बाई गं! हे वाक्य इथे, तेही जर्मनमध्ये ऐकायला लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आत्या नवऱ्याला 'अहो'च म्हणायची आणि काका त्या हाकेला ओ द्यायचे. "अहो, सांगा ना आईंना," ती म्हणायची. अहो पेपरचं पान उलटायचे. मला ओमांचा राग यायचा, काकांचा त्याहून जास्त.

सांगलीला असताना आत्या कृष्णेच्या या काठावरून त्या काठाला पोहत जायची, असं बाबा सांगत. इथे घराच्या दोन स्टॉप आधी पोहण्याचा तलाव होता. तिची बस रोज त्याच्यासमोरून जायची. एकदा मी चिडून म्हटलं, "उतरत का नाहीस तिथे? तो विमा गेला खड्ड्यात!"

ती म्हणाली, "विम्याचं सोड गं. एकदा वळले ना, तर परत घरी यावंसंच वाटणार नाही मला."

त्या हिवाळ्यात ती उतरली. पोहायला नाही, नुसतं काचेतून बघायला. बघून निघताना ओल्या पायऱ्यांवरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. ऑफिसातली मैत्रीण फोनवर म्हणाली, "सरळ घरी चालले होते असं लिही, कोण बघतंय?" आत्याने मात्र विम्याच्या फॉर्मवर माझ्याकडून लिहून घेतलं: वाट सोडली होती, पोहणारी माणसं बघायला. "उपचार काय, आजारपणाच्या विम्यातून होतील," ती म्हणाली. "इतकी वर्षं लोकांच्या नोंदी खऱ्या ठेवल्या, आता माझीही खरीच राहू दे."

प्लास्टर होतं तोवर उचलणं बंद, त्यामुळे नर्स आली. ओमा आधी रुसल्या, मग तिच्याशी छान गप्पा मारायला लागल्या. आत्या सोफ्यावर पाय वर घेऊन डाव्या हाताने, सांडत सांडत चहा प्यायची. एकदा हळूच म्हणाली, "खरं सांगू? पडले ना, तेव्हा दुखायच्या आधी मनात आलं, सुटले. आता मला कुणी उचल म्हणणार नाही."

"मग नर्सला राहू दे की कायमची!"

"बोलले मी यांच्याशी. म्हणाले, तुझा हात बरा झाल्यावर आईला काय कारण सांगणार?"

प्लास्टर काढायला मीच तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी मनगट इकडेतिकडे फिरवून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "हाड उत्तम जुळलंय. आता सगळं पूर्वीसारखं करायला हरकत नाही."

आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. डॉक्टर बिचारे घाबरले. "दुखतंय का?"

"हो, खूप दुखतंय," आत्या म्हणाली. "आणखी थोडे दिवस राहू द्या ना प्लास्टर."