विहिरीत न पडलेला पाव

आमच्या डॉक्टरबाईंचं संरक्षण करायला सरकारने एक हवालदार दिला होता. गुडघे गेलेला, साखर वाढलेला, रिटायर व्हायला टेकलेला. दूर कुठल्याशा राज्यात मिशनऱ्यांवर हल्ले झाल्याच्या बातम्या तेव्हा पेपरात येत होत्या. मग वरून हुकूम निघाला, की जिल्ह्यातल्या परदेशी माणसांना बंदोबस्त द्या. संगमेश्वरच्या पुढे, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, भाड्याच्या घरात आमचा दवाखाना होता, त्याच्या वाट्याला हा बंदोबस्त आला. सकाळी यायचा, माझ्याकडून फुकटात साखर तपासून घ्यायचा आणि बाकावर तोंड उघडं टाकून झोपायचा. उद्या खरंच जमाव चालून आला तर आधी ह्याला उठवून चपला शोधून द्यायच्या, की आधी बाईंना लपवायचं, याचा मी पुष्कळ विचार केला होता. बाईंना लपवायचं असं ठरलं होतं.

बाई पन्नाशीच्या, थंड देशातून आलेल्या, उन्हात गेल्या की आमसुलासारख्या लाल व्हायच्या. मी त्यांची नर्स. तिथून जवळच्याच डोंगरातल्या वाडीवरची, कुणब्याची पोर. गावात त्यांना सगळे 'पाद्रीण' म्हणत, आणि मला 'पाद्रिणीची'. नर्सिंगची तीन वर्षं मी याच पदवीसाठी घासली होती म्हणायची.

मराठी त्या शिकून आल्या होत्या, पण पुस्तकातून. "आजोबा, आपणांस शौचास कसे होते?" असं विचारलं की म्हातारा आधी माझ्याकडे बघायचा. "काय म्हनत्ये गो ही?" मी सांगायचे, "परसाकडं कशी व्हते, इचारतायत." "मग तसं इचार की!" आणि मग तो इतकं सविस्तर सांगायचा, की त्या भाषेची तयारी बाईंच्या पुस्तकाने करून घेतलेली नसायची.

धर्माच्या बाबतीत म्हणाल तर पेशंटला हात लावायच्या आधी त्या क्षणभर डोळे मिटायच्या. झालं, एवढंच. पण लोकांना वाटायचं, औषधाचा अर्धा गुण त्यातच आहे. एकदा घाईत डोळे मिटायचे राहिले, तर एका आजीने दंडच पुढे केला नाही. "मंत्र नाय घातलान, मग सुई कशाला टोचत्ये?" बाईंनी निमूट डोळे मिटले, तेव्हा आजी टोचून घ्यायला तयार झाली. दवाखान्यात माणसं बाटवतात अशी बोंब मात्र तालुकाभर होती. इतक्या वर्षांत आमच्या दवाखान्यात एकच माणूस ख्रिस्ती निघालं. बाई स्वतः.

त्या वर्षीच्या मे महिन्यात आमच्या वाडीवर जुलाब-उलट्यांची साथ आली. विहिरीने तळ गाठलेला, घरोघरी मुंबईचे चाकरमानी आलेले, लग्नसराई जोरात. विहिरीत औषधाची पावडर टाकायचं काम ग्रामपंचायतीच्या शिपायाचं. तो मेहुण्याच्या लग्नाला गेला होता आणि हळद, लग्न, पूजा असं सगळं उरकल्याशिवाय येणार नव्हता. साथीने थोडं थांबावं अशी त्याची अपेक्षा असावी. बाईंना थांबणं कधी जमलं नाही. आम्ही जीप घेऊन गेलो, बाईंनी बादलीत पावडर कालवली, विहिरीत ओतली, आणि काठावर उभ्या राहून, सवयच ती, क्षणभर डोळे मिटले.

हे पाहिलं काकांच्या जावयाने. काका म्हणजे माझे सख्खे चुलते, वाडीचे मानकरी. देवळातला पहिला नारळ त्यांचा. आणि जावई म्हणजे मुंबईत कसल्याशा गोडाऊनवर वॉचमन, पण गावात आला की साहेब. संध्याकाळपर्यंत त्याने वाडीभर पसरवून टाकलं: पाद्रिणीने विहिरीत पाव टाकला!

आता पाव म्हटलं की आमच्याकडे संपलंच. फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली, ही गोष्ट आमच्यातल्या प्रत्येकाने दूधभाताबरोबर गिळलेली. मी घसा कोरडा करून सांगितलं, अहो, ही तीच पावडर, जी तुमचा शिपाई टाकतो. वास बघा, तोच वास आहे! पण शिपायाने टाकली की ते औषध, आणि बाईंनी टाकली की तो पाव. हा शोध लावणारा जावई स्वतः मुंबईत रोज सकाळी चहात पाव बुडवून खायचा. पोटात गेलेला पाव बाटवत नसावा बहुतेक.

वाडीने विहीर सोडली. स्वच्छ, औषध घातलेली, आटत आली तरी पिण्याजोगी विहीर सोडून बायका हंडे घेऊन खाली व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, जायला लागल्या. तिथल्या डबक्यात दुपारभर म्हशी बसलेल्या असत. पण ते पाणी शुद्ध! साथ मग दुप्पट जोमाने पसरली आणि जावई म्हणाला, बघा, पाद्रिणीचा हात लागला आणि रोग वाढला. माझ्या तोंडात त्या दिवसांत ज्या शिव्या आल्या त्या आमच्या नर्सिंग कॉलेजात शिकवत नसत.

दवाखान्यात वाडीवरचं कुणी फिरकेना. वाटेवर जीपच्या काचेवर दगड आला. हवालदाराने पंचनामा केला, म्हणजे काचेकडे बघून "च् च्" केलं. बाई म्हणाल्या, "आपण जात राहू." मला त्यांचा कधीकधी फार राग यायचा. घाबरायचं तर धड घाबरावं माणसाने, निदान सोबतच्याला तरी बरं वाटतं.

अशात एके सकाळी शेजारची काकी धापा टाकत सड्यावर आली. "वयनीला बघ तुज्या! रातीपास्नं चाललंय. डोले आत गेलेत गो तिचे."

माझ्या भावाची बायको. सातवा महिना संपत आलेला. भाऊ मुंबईला, त्याला रजाच नव्हती. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर हे पहिलं राहिलेलं. नवस, उपास, गंडेदोरे सगळं करून झालेलं होतं. 

बाई, मी आणि बंदोबस्त, असे तिघे निघालो. वाडीच्या तोंडावर रस्त्यात जांभ्याचे चिरे रचून ठेवले होते. पलीकडे काका, जावई आणि अर्धी वाडी. हवालदार उतरला. मला वाटलं, आता याची वर्दी कामाला येईल. तर जावयाच्या कुणाशी तरी त्याचं दूरचं नातं निघालं, आणि बंदोबस्त एका चिऱ्यावर टेकून पन्हं प्यायला लागला.

काका म्हणाले, "तू ये. तू घरची हायस. ही बाई नाय, आनि ती पिशवीबी नाय."

"काका, पिशवीत सलाईन आहे. वहिनी मरेल!"

"देवाला इचारतो. देव म्हनाला तर येऊ दे."

म्हणजे कौल. आमच्याकडे लग्न, भांडण, गुरं चोरीला जाणं, सगळ्याला कौल. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो. उजवीकडची पडली की देवाचा होकार, डावीकडची पडली की नकार. लहानपणापासून मी बघत आलेय, हात जोडत आलेय, आजही जोडते. पण मे महिन्याच्या दुपारी घरात माणूस सुकत चाललेलं असताना कळी कधी सुटते याची वाट बघत बसायचं म्हणजे काय, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बाई फणसाखाली जीपच्या पायरीवर बसून राहिल्या. मी रिकाम्या हाताने आत धावले.

वहिनी माजघरात पडली होती. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. मी पाणी उकळलं, मीठ-साखर घालून चमच्याने पाजायला लागले. दोन चमचे जायचे, तीन बाहेर यायचे. देऊळ आमच्या परसालाच लागून. गुरवाचं गाऱ्हाणं भिंतीतून स्पष्ट ऐकू येत होतं.

"बा म्हाराजा! ही गोरी बाई तुज्या लेकीला हात लावू म्हनत्ये. लावून घ्यावा का नाय, त्याचा निवाडा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी एका सुरात. या बाबतीत आमची एकी वाखाणण्यासारखी.

मग शांतता. कळी वाळेपर्यंत सगळे बसले. बऱ्याच वेळाने शेजारची काकी पळत दारात आली. "उजवी! उजवी पडली गो!"

मी रडलेच. देवा, तुझं भलं होवो, असंही म्हणाले, आपण कुणाला आशीर्वाद देतोय याचा विचार न करता. पण चिरे काही हलले नाहीत. जावयाने हरकत घेतली होती. हात लावायचं विचारलं, घरात घ्यायचं कुठे विचारलं? वॉचमनच्या नोकरीत माणूस वकील होतो, हे मला माहीत नव्हतं. काकांना ते पटलं. पाहुण्याचा मान! नव्या कळ्या, नवं गाऱ्हाणं, "व्हय म्हाराजा!" आणि पुन्हा तीच शांतता. ऊन परसातून ओटीवर आलं. कळी पडली ती उजवीच.

मग सुईचं निघालं. बाटलीतलं पाणी अंगात सोडायचं म्हणजे पाण्याचाच प्रश्न, तो वेगळा विचारायला हवा. तिसऱ्यांदा गाऱ्हाणं! त्या दिवशी वाडीत डोकं ठिकाणावर असलेला एकटा देवच होता, आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर सगळ्या कळ्या एकदम काढून जावयाच्या थोबाडावर मारल्या असत्या. तो सोशिक, त्याने तिसरी कळीही उजवीच दिली.

चिरे हलले तेव्हा दुपार कलली होती. बाई पिशवी घेऊन अक्षरशः पळत आल्या. शिरा सापडेनात, घोट्यापाशी कापून शीर उघडावी लागली. मी बाटली धरून उभी. बाईंनी यावेळी डोळे मिटले की नाही, मी बघितलं नाही. संध्याकाळी वहिनीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. दारातल्या बायकांनी हात जोडले. बाई पोटाला नळी लावून ऐकत होत्या. इकडे लावली, तिकडे लावली, पुन्हा इकडे लावली. मग माझ्याकडे बघून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झाली, गेलेलीच. पुऱ्या केसांची होती.

बाई जीपमध्ये बसून रडल्या. हवालदाराने दुसरीकडे तोंड फिरवलं. एवढी एक समज त्याने दाखवली. वाडीवर मात्र सगळं झपाट्याने सुरळीत झालं. शिपाई लग्न उरकून आला, त्याने त्याच डब्यातली तीच पावडर विहिरीत टाकली, आणि विहीर शुद्ध झाली. जावई रजा संपवून मुंबईला गेला. दवाखान्यात पुन्हा रांग लागली. आणि गावात असं बोललं जाऊ लागलं, की काकांनी कौल लावला म्हणून सून तरी वाचली.

भाऊ आला त्या संध्याकाळी काका समाचाराला आले. ओटीवर बसले, चहा घेतला. भाऊ भिंतीला टेकून खाली बघत होता. काकांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "काय करनार बाबा. देवाची मर्जी."

वहिनी माजघराच्या दाराशी आली. आठ वर्षांत काकांसमोर तिने डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता की त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. दाराची चौकट धरून उभी राहिली.

"पयली कली उजवी पडली," ती म्हणाली, "तवा माजी पोर पोटात हालत व्हती, काका."