भिंतीतली तार

ताईचं काम हातांचं. आई जन्मापासून बहिरी, त्यामुळे तोंडातून शब्द फुटायच्या आधीच ताई खुणा शिकली. पुढे त्यावरच तिचं पोट चालू लागलं. मागच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसून ती बहिऱ्या रुग्णांचं म्हणणं डॉक्टरांना सांगायची आणि डॉक्टरांचं रुग्णांना.

काही दिवस कॉम्प्युटरची लाइन तिला छळत होती. नेटवर्क कार्ड झोकात पूर्ण वेग पकडायचं, मग एकाएकी वेग पडायचा, संपर्क तुटायचा, पुन्हा जुळायचा. एकदा डॉक्टर एका बाईला सांगत होते, गाठ साधी नाही. ताईच्या हातांनी "गाठ साधी" इतकं सांगितलं आणि चित्र गोठलं. परत आलं तेव्हा पलीकडे ती बाई हसत होती.

"नाही" ताईला नव्यानं सांगावं लागलं. बाईच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरताना तिला समोर बसून बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तिनं दादाला बोलावलं. थोरला भाऊ ऑफिसांमधले कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्यानं कार्ड बदललं, सेटिंग तपासलं, राउटरमधलं केबलचं भोक बदलून पाहिलं. पहिले पाढे पंचावन्न! शेवटी त्यानं पिशवीतली लांब केबल राउटरपासून थेट खोलीपर्यंत जमिनीवरून आणली. दुपारपर्यंत वेग जराही हलला नाही.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिली गं," दादा म्हणाला. "कार्ड चांगलंच होतं. दोष भिंतीतल्या तारेत आहे."

ती तार अण्णांनी, त्यांच्या वडिलांनी, टाकली होती. जन्मभर टेलिफोनच्या लाइनी ओढलेला माणूस; शेवटच्या वर्षी ही तार टाकताना हात कापत असतानाही त्यांनी दादाला पक्कड धरू दिली नव्हती.

"आत आठ बारीक तारा असतात. पूर्ण वेगाला आठही लागतात," दादा हळू आवाजात म्हणाला. "अण्णांनी मध्ये जोड दिलाय. त्यातली एक सुटत असणार."

"जोड परत नाही देता येणार?"

"देता येईल. टिकेल याची खात्री नाही."

ताईला ती हसणारी बाई आठवली. "काढ," ती म्हणाली.

दादानं जुन्या तारेच्या टोकाला नवी बांधली, म्हणजे जुनी बाहेर येताना नवीला आत घेऊन येणार. ताई ओढायला लागली. तेवढ्यात आई दारात आली. तिनं तारेकडे बोट दाखवून खुणेनं विचारलं, "त्यांची?"

ताईनं मान डोलावली. आपण आईला आधी विचारायला हवं होतं, असं तिला वाटून गेलं. पण आई पुढे आली, पदर खोचला आणि तिनंही तार धरली. तिघांनी मिळून ती भिंतीतून सबंध बाहेर काढली. आईनं तिचं वेटोळं केलं आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवलं.

त्यानंतर लाइन तुटली नाही. त्या बाईच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पडद्यावर ताईच होती. डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळं, चांगलं आणि वाईट, तिनं सावकाश सांगितलं. बाईनं बऱ्याच शंका विचारल्या. शेवटी तिनं विचारलं, "तुझी आई बहिरी आहे का गं?"

"हो. कशावरून?"

"हात घरच्यासारखे बोलतात तुझे."